कोणापाशी अडकलं

सोमवारी सकाळी आठ वाजता अख्खं घर छपरीत उभं होतं. मयत नव्हती. मीटिंग होती.

उभ्यानं मीटिंग घ्याची, हे स्वप्निल चाकणहून शिकून आलता. गाड्यायचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं काढली पोरानं, अन् दिवाळीत धंद्यावरून घरात भांडण झाल्यावर आजोबानं बोलावलं म्हणून नोकरी सोडून बोरगाव मेघेले वापस आला. सोबत एक बॅग, एक घड्याळ अन् लीन. माणूस बसला की बोलणं लांबते म्हणे, उभा ठेवला की पाय दुखते अन् मुद्दा लवकर निघते. कारखान्यात हे नवीन असंन. या घरात सुनाइनं सासऱ्यापुढं, म्हणजे भैय्याजीपुढं, बसाची रीतच नव्हती. मोठी सून मनकर्णा अठ्ठावीस वर्षांपासून उभी होती, लहानी ज्योत्स्ना चौदा. त्याले आजपावेतो कोणी मीटिंग म्हटलं नाई, एवढाच फरक.

दोघंच बसून होते. भैय्याजी आपल्या लोखंडी खुर्चीवर, काऊन का मंडप-सतरंज्या भाड्यानं द्याचं बिछायत केंद्र त्यायचं, खुर्ची त्यायची अन् वय चौऱ्याहत्तर. अन् त्यायच्या घरधनीण सुमित्राबाई तखतावर, काऊन का त्यायनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "माये गुडघे कारखान्यात नोकरीले नाई."

"आबाजी, आज मुद्दा एकच हाये," स्वप्निल म्हणाला. "तीन महिने झाले. फळा काय म्हणते ते पाहाचं अन् तानबाचा निर्णय घ्याचा. पुढच्या सीझनपासून तानबा राह्यते का जाते."

तानबा आंगणापल्याडच्या गोदामात रस्स्यायच्या गुंडाळ्या करून राह्यला होता. दार उघडं होतं. आपल्यावर मीटिंग हाये हे त्याले माईत होतं. बोरगावातल्या कुत्र्यालेही माईत होतं. चाळीस वर्षं झाले त्याले या घरचे मंडप उभारता उभारता. गावात मिस्त्री म्हणत त्याले. वाचता येत नव्हतं. कोणती सतरंजी कोणत्या थप्पीत, कोणता सैपाकाचा गंज बुडातून गळते, दोनशे लाकडी बल्ल्यायपैकी कोणत्या बारा वाकड्या अन् त्या कोणाच्या मंडपात मागच्या बाजूनं खपून जाते, हे सगळं त्याच्या डोक्यात. डोक्याबाहेर एक अक्षर नाई.

हेच तं स्वप्निलले खुपत होतं.

लीन काय असते, हे त्यानं फाल्गुनातच घरच्यायले समजावून सांगतलं होतं. कामातला फालतूपणा हुडकाचा अन् काढून टाकाचा. फालतूपणा सात प्रकारचा असते.

"फक्त सात?" मनकर्णानं सासूकडं पाहत विचारलं होतं.

प्रत्येक लग्न म्हणजे एक प्रोजेक्ट, त्यानं सांगतलं. सुमित्राबाई म्हणाल्या, "लग्न म्हणजे लग्नच असते रे बाप्पा. प्रोजेक्ट तं मंग सुरू होते."

त्यानं आयकलं नाई. जुन्या स्टेजचा प्लायवूड पांढरा रंगवून छपरीच्या भिंतीले ठोकला. त्याच्यावर चार खाने. आलं, सुरू, अडकलं, झालं. प्रत्येक कामाची एक पिवळी चिठ्ठी, काम सरकलं की चिठ्ठी सरकवाची. काम अडकलं तं चिठ्ठी तिसऱ्या खान्यात, अन् चिठ्ठीच्या मागच्या बाजूनं लिहाचं की कोणापाशी अडकलं. मागच्या बाजूनं काऊन, तं रोज वाचून कोणाचं मन दुखू नये. तीन महिन्यानं सगळ्यायच्या पुढं उलटवाच्या.

कारखान्यात माणसाचं नाव लिहत नसत. तिकडं ठिकाण लिहत, मशीन लिहत. माणसावर बोट ठेवू नका, काम पाहा, असंच त्याले शिकवलं होतं. पण बिछायत केंद्रात मशीन एकच, जनरेटर, अन् त्याले दोष देऊन काय भेटते? म्हणून स्वप्निलनं तेवढा नियम आपल्या मनानं बदलला. चिठ्ठ्यायवर तानबाचं नाव लिहिलेलं दिसलं की आबाजीले समजीन, असा त्याचा हिशोब. वरून मार्च महिनाभर तो घड्याळ घेऊन तानबाच्या मागं फिरला. एक टेम्पो भराले तानबा दोन हजार एकशे चाळीस पावलं चालते, असं त्यानं काढलं.

"हे पावलं वाया जाते, तानबा," त्यानं सांगतलं होतं.

"जाऊ दे ना बापू. डॉक्टरनं चालाचं सांगतलं हाये."

तं असा तो फळा, अन् असा हा सोमवार. जूनचा पहिला.

"तानबा वाईट हाये असं मी म्हणतच नाई," स्वप्निल बोलत होता. "पण सगळं त्याच्या डोक्यात. उद्या त्याले ताप आला तं?"

"आलता," भैय्याजी म्हणाले. "एकोणनव्वदमध्ये."

"मंग?"

"मंग काय. ताप घेऊन आलता कामावर."

"आबाजी, हे उत्तर नाई झालं."

"प्रश्न तरी कुठं होता?"

मनकर्णानं सासऱ्याकडं पाहून पदर सावरला. पोरगा घसरला की सावराले ती उभीच राह्यत होती, आज तं मीटिंगच उभी होती. "मामाजी, आमच्या भावाचा नीलेश हाये. कॉम्प्युटरचा कोर्स झाला त्याचा. समदं सामान कॉम्प्युटरमध्ये टाकून देईन. बटन दाबलं की सतरंजी कुठं ते दिसते."

"अन् बल्ली?" सुमित्राबाईनं विचारलं.

"बल्लीही दिसते."

"दिसते गं. गाडते का?"

ज्योत्स्नाले हसू आलं. तिनं ते फळ्याकडं तोंड करून संपवलं. मनकर्णानं पाहिलंच. चौदा वर्षांत या दोन जावांचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं. एकीनं भाजीत मीठ टाकलं की दुसरी चाखून पाहे. आज एक पोराच्या बाजूनं, एक सासूच्या बाजूनं. मधात प्रभाकरराव, स्वप्निलचे वडील, भैय्याजीचे थोरले. लहाना आदेश जनरेटर घेऊन सकाळीच पुलगावले गेलता. तो अशा वेळेले नेमका जाते, अन् जनरेटरही अशा वेळेले नेमकं लागते.

"तुमचं काय म्हणणं हाये?" मनकर्णानं नवऱ्याले विचारलं.

"म्हणजे कसं," प्रभाकरराव म्हणाले, "दोघायचंही बरोबर हाये."

पन्नाशीचा माणूस. बापाले विचारल्याशिवाय त्यायनं सुतळीचा बंडल आणला नव्हता. पोरानं लीन आणलं तवा त्यायले मनातल्या मनात बरं वाटलं होतं. आपल्याच्यानं झालं नाई, पोराच्यानं तरी होईन. पण बापापुढं तोंड उघडलं की त्यायच्या तोंडून तेच निघे, दोघायचंही बरोबर.

"ठीक हाये," स्वप्निल म्हणाला. "मी बोलतच नाई. फळाच बोलीन. काकू, अडकलं मधल्या चिठ्ठ्या काढा. एक एक उलटवा अन् वाचा."

ज्योत्स्ना फळ्यापाशी गेली. चिठ्ठ्या तिनं लिहिल्या होत्या सगळ्या. डी.एड.चं अक्षर, घरात दुसऱ्या कोणाचं असं नव्हतं; म्हणून तीन महिने जो तो येई अन् सांगे, लहाने, लिही. मागच्या बाजूले काय हाये ते तिलेच माईत. स्वप्निलले काय पाहिजे होतं तेही माईत. एक-दोन वेळा वाटलं होतं, लिहून टाकावं तानबा, कोण विचारते. पण पेन चालला नाई. अकरा चिठ्ठ्या होत्या. अकराव्या चिठ्ठीनं तं तिची दोन आठवड्यांची झोप खाल्ली होती.

तिनं पहिली काढली.

"पुलगावची ऑर्डर. कनात पांढरी लावाची का रंगीत. नऊ दिवस." तिनं चिठ्ठी उलटवली. थांबली.

"कोणापाशी?" स्वप्निल म्हणाला.

"मामाजी."

स्वप्निलनं घाईनं हात हलवला.

"लिहितांनी चुकलं असंन. पुढची घ्या."

"जनरेटरचा पट्टा बदलाचा. सतरा दिवस." चिठ्ठी उलटली. "मामाजी."

"फाटक्या सतरंज्या काढून टाकाच्या का शिवून घ्याच्या. छत्तीस दिवस. मामाजी. सिंदी मेघेच्या लग्नाले राजाराणीच्या खुर्च्या लाल द्याच्या का सोनेरी. लग्न होऊन गेलं. मामाजी."

"लग्न होऊन गेलं तं चिठ्ठी अजून कशी अडकून हाये?" प्रभाकररावनं विचारलं.

"ठरलंच नाई ना भाऊजी अजून. तानबानं एक लाल नेली, एक सोनेरी."

"हो," सुमित्राबाई म्हणाल्या. "मी म्हटलं नवरदेव लाल खुर्चीवर काऊन बसला एकटाच."

"गोदामाले लोखंडी रॅक. चाळीस दिवस," ज्योत्स्नानं वाचलं. "स्वप्निल."

"ते, ते कंपनीकडून येऊन राह्यले हायेत," स्वप्निल म्हणाला, अन् दोन पावलं पुढं आला. "काकू, थांबा. असा नियम नव्हता. घरच्या मोठ्या माणसाचं नाव लिहाचं असं म्हटलं नव्हतं मी." त्यानं फळ्याकडं हात टाकला. राह्यलेल्या चिठ्ठ्या त्याले एका झटक्यात उपटाच्या होत्या. लीन शिकवाले आलेला माणूस, अन् त्याच्या लीननं पहिला फालतूपणा शोधला तं तो लपवाले सगळ्यात आगं तोच धावला.

"हात लावू नको," सुमित्राबाई म्हणाल्या.

"आजी, तुले समजत नाई."

"मले समजते म्हणून म्हणतो. लाव हात, मंग पाह्य."

"वाचू दे तिले," भैय्याजी म्हणाले.

आवाज नेहमीचाच होता. ना चढला, ना उतरला. भैय्याजी कधी कोणाले नाई म्हणत नसत, हे साऱ्या वर्ध्यात प्रसिद्ध होतं. गुणी माणूस म्हणत लोक. पण हो ही म्हणत नसत, हे घरातल्यायलेच माईत. कोणी काही विचारलं की पानाचा डबा उघडत, एक सुपारीचं खांड उचलत, त्याच्याकडं पाहत, अन् म्हणत, "पाहू." त्या पाहूवर पोरं मोठी झाली, सुना म्हाताऱ्या होत आल्या. प्रभाकररावले एकेकाळी एस.टी.त कंडक्टरची नोकरी लागली होती. तिचं पाहू अजून सुरू होतं.

ज्योत्स्नानं पुढची चिठ्ठी काढली अन् तिचा आवाज बारीक झाला.

"मंडप. घरचा. रोशनीचा. तारीख नाई. पाच महिने."

रोशनी म्हणजे मनकर्णाची पोरगी, स्वप्निलची लहानी बहीण. दिवाळीनंतर यवतमाळचं स्थळ आलतं. पोरगा पाटबंधारे खात्यात, माणसं सरळ. त्यायचे दोन निरोप येऊन गेलते.

"कोणापाशी, ते सांगाचं काम नाई," मनकर्णा म्हणाली. ती पोराच्या बाजूनं उभी होती. तिथून ती दोन पावलं सरकून जावेजवळ आली अन् चिठ्ठी हातात घेऊन स्वतः वाचली. अक्षर ज्योत्स्नाचं. तिच्या पोरीचं काम या बाईनं फळ्यावर लिहून ठेवलं होतं, कोणी सांगतलं नसतांनी. मनकर्णानं जावेकडं पाहिलं ते जरासं वेगळं पाहिलं.

"मामाजी," ती म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याच्या पोरींचे मंडप आपण टाकतो. आपल्याच पोरीचा अडकवून ठेवला?"

"मी नाई कुठं म्हटलं?"

"हो पण कुठं म्हटलं?"

अठ्ठावीस वर्षांत मनकर्णानं सासऱ्याले उलटून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"दोघायचंही..." प्रभाकररावनं सुरू केलं. मंग थांबले. बायकोकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं. "नाई. हिचंच बरोबर हाये, भैय्याजी."

भैय्याजीनं पानाचा डबा उघडला. खांड उचललं नाई. बंद केला.

"त्र्याण्णवमध्ये," ते म्हणाले, "मी एका दमात हो म्हटलं होतं. एका दिवसाची दोन लग्नं. आर्वीचं अन् देवळीचं. देवळीले मंडप पोहोचला तवा दुपारचे दोन वाजले होते. वैशाख. वरात उन्हात बसली. नवरदेवाचा आजा बेशुद्ध पडला. ती माणसं मले काहीच बोलली नाई. शिवी दिली असती तं बरं झालं असतं. तवापासून मी हो म्हणत नाई. पाहू म्हणतो. पाहण्यानं कोणी मरत नाई."

"तो आजा अजून जिता हाये," सुमित्राबाई म्हणाल्या. "मागच्या साली त्याच्या पणतीच्या बारशाले आपलेच गालिचे गेलते. त्याच्या ध्यानातही नाई. चौदा वर्षं तुम्हीच एकटे बेशुद्ध पडून हा."

भैय्याजीचा चेहरा लाल झाला. एवढ्या माणसांत बायकोनं असं बोलावं म्हणजे काय? ते खुर्चीवरून उठले. "म्हणजे एवढं सगळं शिकून पोरगा आला, घड्याळ घेऊन, अन् फालतूपणा कोण निघाला? मी. बरोबर?"

स्वप्निल आपल्या चपलेकडं पाहत होता.

"बरोबर का नाई?"

"आबाजी, लीनमध्ये माणसाले दोष देत नाई," स्वप्निल पुटपुटला.

"आता आठवलं तुले."

ते छपरीच्या टोकापर्यंत गेले. वापस आले. "ठीक. हो म्हणाले येत नाई म्हणता ना मले? घ्या मंग. आज निर्णय देतो, आत्ता, उभ्या उभ्या. तानबा कुठंच जात नाई. पुढच्या सीझनलेही नाई, त्याच्या पुढच्यालेही नाई. मी हाये तवापावेतो तानबा हाये. लिही लहाने. झालं मध्ये लाव."

सुमित्राबाईनं मांडीवर थाप मारली. "जमलं बाप्पा! एकदाचं जमलं!"

मनकर्णालेही बरंच वाटलं. नीलेशचं राह्यलं, पण म्हातारा हलला तं खरं. आज इथं हलला, उद्या यवतमाळलेही हलीन. प्रभाकररावनं मोठा श्वास सोडला. स्वप्निल हरला होता, पण चिठ्ठ्यायचं बोलणं थांबलं म्हणून त्यालेही सुटल्यासारखं वाटलं. अख्ख्या घरात एकटी ज्योत्स्ना तशीच उभी होती. मधल्या चार चिठ्ठ्या उलटवाचं कोणाच्या ध्यानात राह्यलं नव्हतं. तिच्या हातात शेवटची होती.

"मामाजी, एक वाचाची राह्यली."

"आता काऊन? झालं ना."

"ही तानबाची हाये."

"वाच मंग."

तिनं वाचली. "तानबाची सुट्टी. कायमची. तीन वर्षं."

तिनं ती उलटवली नाई. सगळ्यायनंच मनात उलटवून घेतली.

"कोणं लिहाले सांगतलं?" भैय्याजीनं विचारलं.

"तानबानंच. दोन आठवडे झाले. म्हणे, बाई, साऱ्यायच्या चिठ्ठ्या लागते, मायीही एक लावा. मी म्हटलं, तुम्हीच बोला ना मामाजीले. तं म्हणे, बोलून झालं."

तिनं हे कोणालेच सांगतलं नव्हतं. सांगतलं असतं तं स्वप्निल म्हणाला असता, पाहा, तो स्वतःच जाते. सासू म्हणाली असती, तूच काढून राह्यली त्याले. अन् दोघायपैकी एकालेही तानबाशी काही लेनदेन नव्हतं.

भैय्याजीनं आवाज दिला नाई. आंगणात उतरले, गोदामाच्या दारापर्यंत गेले, अन् तानबाले घेऊन वापस आले. तानबानं पायरीवर चपला काढल्या. हाताले रस्सीचा भुसा लागून होता, तो त्यानं धोतराले पुसला.

"तुले जाचं हाये?"

"हो भैय्याजी."

"कुठं?"

"हिंगणीले. पोरानं, प्रेमदासनं, तिथं दीड एकर घेतलं हाये करून खाले. वांगी, मिरची. धरणाचं पाणी येते. पोरगा एकटा पडते. नातू हाये चार वर्षाचा. मले तानबाच म्हणते तो, आबा म्हणत नाई. पाहुणाच समजते मले."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं ना. तीनदा."

"मी काय म्हटलं?"

तानबानं खाली पाहिलं. बाकीच्यायनंही कुठं कुठं पाहिलं.

"नाई म्हटलं असतं तं भांडलो असतो," तानबा म्हणाला. "हो म्हटलं असतं तं गेलो असतो. पण तुम्ही तसं म्हणता, मंग माणूस वापस जाऊन रस्सीच गुंडाळते."

"मी तुले भाऊ मानलं, तानबा."

"म्हणून तं पळून नाई गेलो."

स्वप्निल मधात आला. सकाळी याच माणसाले काढाले त्यानं मीटिंग बोलावली होती. आता तोच हात जोडून उभा होता. "तानबा, एकदम असं नको. तीन महिने थांबा. सगळं सामान कुठं हाये, मी लिहून घेतो तुमच्याजवळून."

"तीन महिने तं तू फिरला ना बापू माह्या मागं," तानबा म्हणाला. रागानं नाई, कौतुकानंच म्हणाला. "तवा विचारलं असतं तं सांगतलं असतं. तू पावलं मोजून राह्यला होता."

सुमित्राबाईनं पदर तोंडाशी धरला.

"मंग आता कोणाले माईत हाये गोदाम?" भैय्याजीनं विचारलं. "कोणालेच नाई."

"लहान्या बाईले हाये," तानबा म्हणाला. "त्या येत दुपारच्यानं. हे काय, ते काऊन, असं विचारत. दोन वह्या भरल्या त्यायनं. वाकड्या बल्ल्यायसकट."

सगळ्यायनं ज्योत्स्नाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्याकडं एवढी माणसं एकदम फक्त तिच्या लग्नात पाहत होती.

"तुले कोणं सांगतलं होतं हे कराचं?" भैय्याजीनं विचारलं.

"कोणीच नाई, मामाजी."

"विचारलं काऊन नाई?"

सासूनंच उत्तर दिलं. "विचारलं असतं तं अजून पहिल्याच पानावर असती."

भैय्याजी खुर्चीवर बसले. म्हणाले, "गोदाम लहानी पाहीन."

स्वप्निलनं आईकडं पाहिलं. नीलेशचं आता ती काही बोलीन असं त्याले वाटलं. मनकर्णा म्हणाली, "नीलेशले कॉम्प्युटर पुरे. हिच्या वह्या हिच्याजवळच राहू दे." मंग थांबून, "अन् यवतमाळचं, मामाजी?"

"एका दिवसात माणसाच्या किती चिठ्ठ्या काढता गं?"

"सातच वाचल्या अजून," सुमित्राबाई म्हणाल्या. "मधल्या चार तं बाकीच हायेत."

भैय्याजीनं तिकडं लक्ष दिलं नाई. ते तानबाकडं पाहत होते. "कवा जाशीन?"

"गुरुवारी."

"शुक्रवारी सेलूचं लग्न हाये. मोठं हाये."

"म्हणून तं गुरुवारी. सेलूचं केलं तं मंग अकरा तारखेचं हाये. तिकडं रोप तयार हाये, लावाले येऊन राह्यलं. सेलूले थांबलो तं मी नाई जात, भैय्याजी. मले मायं माईत हाये."

भैय्याजीनं मान खाली घातली. इतकी वर्षं हा माणूस त्यायच्या हो-नाईच्या मधात उभा राहून मंडप उभारत होता. एक लाल खुर्ची, एक सोनेरी. कोणी त्याले विचारलं नाई की तूच का ठरवते सगळं. त्यानंही कधी सांगतलं नाई. बोरगाव मेघेचं हे बिछायत केंद्र कोण चालवत होतं, हे आज छपरीतल्या सगळ्यायच्या एकदमच ध्यानात आलं, अन् स्वप्निलच्या फळ्यावर त्याच्यासाठी खाना नव्हता.

"जा," भैय्याजी म्हणाले.

तानबा हलला नाई. त्याले वाटलं पुढं काही येईन.

"जा म्हटलं ना. गुरुवारी जा. बुधवारी दुपारी टेम्पो देतो, सामान टाकून घे. प्रभाकर, बुधवारी टेम्पो कोणाले देऊ नको."

"हो भैय्याजी," प्रभाकरराव म्हणाले. दोघायचंही बरोबर म्हणाचं त्यायच्या ध्यानातच आलं नाई.

तानबा पायरीवर गेला. चपलेत पाय घातला, दुसरा घालाच्या आगं थांबला. त्याले आता काही म्हणाचं होतं, पण चाळीस वर्षांचं एका वाक्यात कसं म्हणतात हे त्याले येत नव्हतं. भैय्याजीलेही येत नव्हतं. म्हणून त्यायनं वांग्याचं विचारलं.

"वांगी कवा लागते तुयी?"

"पोळ्याच्या आगंमागं तोडा निघते पहिला."

"मी येईन पाहाले."

"या ना. कवा येता?"

मनकर्णानं स्वप्निलच्या मनगटाले धरलं. भैय्याजीचा हात पानाच्या डब्याकडं गेला, डब्यावर राह्यला.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले," ते म्हणाले. "सकाळच्या बसनं."

"जेवाले थांबजा मंग."

"थांबीन."

तानबा गोदामाकडं गेला. रस्सीच्या दोन गुंडाळ्या राह्यल्या होत्या. ज्योत्स्नानं सवयीनं नवी पिवळी चिठ्ठी काढली, पेनचं टोपण उघडलं, तान्हा पोळा असं लिहाले लागली. सुमित्राबाईनं तखतावरूनच हात लांबवून तिचा पेन धरला.

"नको लिहू," त्या म्हणाल्या. "एवढं त्यायच्याच डोक्यात राहू दे."